दुसरी बाही

पेणला थंडी पडते असं म्हणणारा माणूस एकतर कवी असावा, नाहीतर लोकरीचा दुकानदार. अशा गावात राहून मला, पुरुषमाणसाला, स्वेटर विणण्याचा नाद लागला तो रोह्याच्या आत्यामुळे. आणि आत्याला तो लावला माओ त्से-तुंगने!

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने लडाख आणि नेफात हल्ला केला. आपले जवान सुती कपड्यांत बर्फात उभे आहेत हे कळलं आणि देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कुंडलिकेकाठी, आमच्या आत्यानेही घेतल्या. बर्फ तिला ठाऊक होता तो जत्रेतल्या गोळ्याचा. दोन सुलट, दोन उलट करीत पाठ झाली, पुढा झाला, एक बाही झाली. तेवढ्यात २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी जाहीर केली.

"आता ठेव त्या सुया," काका म्हणाले.

"लढाई थांबली. थंडी थांबली का?" आत्या म्हणाली आणि रात्रभर कंदिलापाशी बसली. सकाळी दुसरी बाही तयार! फक्त पहिलीपेक्षा वीतभर लांब. उसवायला वेळ नव्हता. पार्सल तसंच गेलं.

पुढे कितीतरी वर्षं रेडिओवर लडाखचं नाव आलं की ती हातातलं काम थांबवून विचारी, "काय रे, दुमडून घेत असेल ना तो बाही?"

म्हणून मी प्रत्येक बाही तीनदा मोजतो. तरी परवा नातवाचा उजवा हात कोपरापुढे सापडेना.