शाळेचे मानक

लखनौतील मानकनगर ही वसाहत आपल्या नावातच आपला व्यवसाय सांगते. रेल्वेच्या साहित्याची प्रमाणे ठरविण्यासाठी १९३० साली केंद्रीय मानक कार्यालय निघाले आणि १९५२ साली लखनौत रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र उघडले. १९५७ साली ही दोन्ही एकत्र येऊन आजची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना झाली. रूळ असो, चाक असो वा पूल असो, त्याचे माप एकदा ठरले म्हणजे ते साऱ्या देशात चालावे, हा या विद्येचा पाया होय. मापाचा असा अहोरात्र विचार जेथे चालतो, तेथील पालकांच्या मनात एक प्रश्न सहज यावा: लहान मुलांच्या शाळेचे माप कोणते धरावे? शाळा सुधारली हे कशावरून म्हणावे?

सरकारदरबारी याचे उत्तर फार पूर्वी देण्यात आले आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी असा नियम घातला की, तपासनीसापुढे वाचन, लेखन व गणित यांत जितकी मुले उतरतील, त्या मानाने शाळेला अनुदान मिळावे. हा हिशेब दिसावयास स्वच्छ होता. पण त्याचा परिणाम असा झाला की, शिक्षक तपासणीच्या दिवसाकडे डोळे लावून तेवढीच पाने मुलांकडून घोकून घेऊ लागले. निकालावर दाम देण्याची ही पद्धत पुढे हिंदुस्थानातही आली.

१८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना महात्मा जोतीराव फुले यांनी या पद्धतीचे मर्म नेमके पकडले. गरीब व अडाणी समाजात शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही. तेथे केवळ निकालावर पोट भरण्याच्या भरवशाने कोण शिक्षक शाळा काढील, असा त्यांचा सवाल होता. बक्षिसाला त्यांचा विरोध नव्हता. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकास जादा भत्ता द्यावा, असे त्यांनीच सुचविले. मात्र तो पगाराच्या वर. पगार बारा रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी तो पंधरा-वीस असावा, शिक्षक प्रशिक्षित असावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ वा सुताराचा वाकस हाती धरणारे आणि लोकांत सहज मिसळणारे असावेत, शाळांची तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मधूनमधून पूर्वसूचना न देताही व्हावी, अशा त्यांच्या सूचना होत्या. शाळेचा निकाल हे फळ आहे; झाडाला पाणी घातल्यावाचून फळाची मोजदाद करण्यात अर्थ नाही, असाच या साऱ्या साक्षीचा आशय आम्हांस दिसतो. आयोगाने तरीही प्राथमिक शाळांच्या अनुदानात परीक्षेच्या निकालासच अग्रस्थान दिले. ती पद्धत सदोष आहे, ही कबुली सरकारने दिली ती १९०४ सालच्या शिक्षणविषयक ठरावात.

जोतीरावांच्या विचारातील दुसरा अर्धा भाग कृतीत कसा उतरतो, हे पाहावयाचे तर कोसबाडला गेले पाहिजे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी केंद्र उघडले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली. मॉन्टेसरीबाईंची महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने व खडे यांनी त्यांची जागा घेतली. १९५७ साली, म्हणजे लखनौत रेल्वेची मानक संघटना आकारास आली त्याच वर्षी, हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत गेले.

तेथे अडचण निराळीच होती. मुलगा शाळेत नसे, कारण तो गुरांमागे रानात असे. मुलगी नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. ही मुले मंद वा आळशी नव्हती. घरचे काम त्यांच्या माथी होते. यावर हजेरीची सक्ती किंवा पालकांना उपदेश हा मार्ग कोसबाडने धरला नाही. गुरे चरत तेथेच शिक्षक जाऊ लागले आणि कुरणशाळा उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' झाली. भावंडाची सोय लागली आणि थोरली बहीण वर्गात बसली. मुलांच्या उणिवा मोजण्याऐवजी शाळेने स्वतःची रचना बदलली. १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव लाभले.

परीक्षा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे हिशेब यावेत, हे २०२१ सालच्या 'निपुण भारत' मोहिमेचे ध्येय सर्वथा योग्य आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात ढकलणे ही दया नसून त्याची फसवणूक आहे. पण परीक्षेची पट्टी फक्त वर्गात बसलेल्यांवरच टेकते. जो आलाच नाही, तो निकालपत्रकात नापासही होत नाही. आणि अशा मुलांना गाळून शाळेचा शेकडा निकाल वाढविणे मुळीच अवघड नसते.

रुळाचे माप चुकले तर रूळ बाद करून दुसरा घालता येतो. मुलाच्या बाबतीत ही सोय नाही. म्हणून मानकनगर असो वा महाराष्ट्रातले एखादे खेडे, प्राथमिक शाळेच्या निकालाचा आकडा वाचण्यापूर्वी आपण पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हांस वाटते. पटावरील किती मुले आज वर्गात आहेत? जी नाहीत, त्यांच्या घरी शाळेतले कोणी जाऊन आले काय? आणि जे कारण कळले, त्यासाठी शाळेने आपल्यात काय बदलले? या तिसऱ्या प्रश्नाला ज्या शाळेपाशी उत्तर आहे, तिचा निकाल आज थोडा उणा असला तरी तिच्या हाती आपले मूल निःशंकपणे सोपवावे.