२१ नाण्यांचा प्लेटो

जुने मोडी कागद वाचून ते बाळबोधीत उतरवणे हे माझे रोजचे काम. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. शब्द कुठे संपला याची खूण नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे लिप्यंतर करणारा नुसती नक्कल करत नसतो, दर ओळीला निर्णय घेत असतो. बायझँटाईन इतिहासाच्या अभ्यासात मी शिरलो तो या वाटेने. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल आणि आसपासच्या मठांत ग्रीक वाङ्मयाच्या मोठ्या भागाचे लिप्यंतर झाले. ते करणाऱ्यांपैकी आणि त्याचे पैसे मोजणाऱ्यांपैकी काहींची नावे आणि रकमा आजही वाचता येतात.

त्याआधीचे ग्रीक ग्रंथ मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेले असत. शब्दांमध्ये जागा नाही, आघातचिन्हे जवळजवळ नाहीत. आल्फा, डेल्टा आणि लॅम्डा ही तिन्ही अक्षरे त्रिकोणी वळणाची, एकाच्या जागी दुसरे सहज वाचले जाई. शिवाय ही अक्षरे जागा फार खात. पपायरस दुर्मीळ होत गेला होता, आणि चर्मपत्र म्हणजे कातडी कमावून, ताणून, घासून केलेली पाने. एका जाड ग्रंथाला जनावरांचा कळपच लागायचा. मग बारीक, एकमेकांना जोडलेल्या अक्षरांची लिपी पुढे आली. तिच्यातला तारखेसह टिकलेला सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे ७ मे ८३५ रोजी निकोलाओस या भिक्षूने पुरे केलेले शुभवर्तमान. आज ते सेंट पीटर्सबर्गला आहे.

नव्या लिपीत जे उतरले त्यातले पुष्कळ तरले. जे उतरले नाही ते बहुतेक गेले. किती गेले याचा अंदाज फोटिओसमुळे येतो. हा पुढे दोनदा कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष झाला. त्याने आपल्या भावासाठी स्वतः वाचलेल्या पुस्तकांची टिपणे लिहिली, २८० नोंदी. त्यांतली जवळपास निम्मी पुस्तके आज हरवलेली आहेत. इराणी दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियासने भारतावर एक ग्रंथ लिहिला होता. एका शिंगाच्या रानगाढवासकट त्यात काय काय होते, हे आपल्याला मुख्यतः फोटिओसच्या सारांशावरून कळते. आपल्या देशाबद्दलच्या एका प्राचीन ग्रीक ग्रंथाची वाट अशी कॉन्स्टँटिनोपलच्या एका वाचकाच्या टेबलावरून जाते, याचे मला अजून नवल वाटते.

पण माझा जीव जडला आहे तो अरेथासवर. पात्रासचा हा माणूस पुढे कॅपाडोशियातल्या कैसरेयाचा मुख्य धर्मगुरू झाला. पुस्तके तो करवून घेई आणि काहींत किंमत नोंदवून ठेवी. ८८८ साली स्टेफानोसने त्याला युक्लिड लिहून दिला, त्याची १४ सुवर्णनाणी. ८९५ च्या नोव्हेंबरात इओआनेस या सुलेखनकाराने प्लेटोचे २४ संवाद पुरे केले: लेखनाचे १३, चर्मपत्राचे ८, एकूण २१. पुढे बाआनेसने क्लेमेंट ऑफ अलेक्झांड्रियाचे ग्रंथ लिहिले, त्याचे लेखन २० आणि चर्मपत्र ६.

एक नाणे साधारण साडेचार ग्रॅम सोन्याचे. म्हणजे एक प्लेटो ९० ग्रॅमहून अधिक सोन्याचा. दरबारातल्या प्रोटोस्पाथारिओस या मानकऱ्याला वर्षाला ७२ नाणी मिळत. त्याने अरेथाससारखी चार पुस्तके करवली असती, तर वर्षाचा तनखा संपला असता. एवढे सोने मोजणारा माणूस कोणते पुस्तक उतरवायचे हे विचार करूनच ठरवणार. म्हणूनच, बायझँटाईनांनी प्राचीन ग्रीक ज्ञान केवळ सांभाळून पुढे पोचवले, हे नेहमीचे वाक्य मला अन्यायाचे वाटते. त्यांनी ते निवडले, शब्द तोडले, आघात लावले आणि लेखकाशी भांडणही केले.

भांडण समासात दिसते. अरेथास मजकूर नव्या जोडलिपीत लिहवून घेई. स्वतःच्या टिपा मात्र तो जुन्या धाटणीच्या मोठ्या अक्षरांच्या छोट्या रूपात लिही, त्यामुळे त्याचा हात ओळखता येतो. लुशियन या प्राचीन ग्रीक लेखकाने धर्माची थट्टा केली की समासात अरेथास त्याला शिव्या घालतो, पण पुस्तक फेकून देत नाही. न पटणाऱ्या लेखकासाठी इतका खर्च आणि इतकी शाई! मला हे फार मोठे वाटते.

आपण अरेथासला इतके जवळून ओळखतो ते अभ्यासकांच्या चिकाटीमुळे. पॅरिसच्या पॉल लेमर्लने १९७१ मध्ये आणि ऑक्सफर्डच्या नायजेल विल्सनने १९८३ मध्ये या शतकांच्या विद्वत्तेवर ग्रंथ लिहिले. त्यात विचारांइतकेच लक्ष पुस्तक कोणी लिहिले, कोणी दुरुस्त केले, कोणाच्या हाती गेले याकडे आहे. ज्याने दफ्तर हाताळले आहे त्याला ही पद्धत लगेच आपली वाटेल. प्लेटोची ती प्रत एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाला १८०१ मध्ये पात्मोस बेटावरच्या मठात मिळाली. आता ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, युक्लिडही तिथेच.

अरेथासचे एक पत्रही उरले आहे. त्यात तो एका धर्मबंधूला कळवतो की सम्राट मार्कसचे उपयुक्त पुस्तक माझ्याकडे आहे, पण ते जीर्ण होऊन विस्कटत चालले आहे, म्हणून त्याची नवी प्रत करवली आहे. मार्कस ऑरेलियसची 'चिंतनिका' म्हणून आज जगभर वाचली जाते तीच ही. अरेथासची जुनी प्रत गेली, नवीही गेली. १५५९ मध्ये झुरिकला ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो ज्या हस्तलिखितावरून, तेही पुढे नाहीसे झाले. उपलब्ध पाठाचे मूळ अरेथासच्या प्रतीत असावे असे काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटते.