दोन्ही हात तारांवर

ऑगस्ट १९६९. लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियन भागात एमेट चॅपमन नावाचा एक जॅझ गिटारवादक रियाज करत होता. गिटार त्याने स्वतःच बनवलेली, नेहमीच्या सहाऐवजी नऊ तारांची. वाजवता वाजवता त्याने गिटारची मान जवळजवळ उभी केली आणि उजवा हात पलीकडच्या बाजूने थेट पट्टीवर आणला. आता त्याच्या दोन्ही हातांची बोटं फ्रेटच्या पट्ट्यांना समांतर होती. एक हात डावीकडून आलेला, दुसरा उजवीकडून. तार छेडायची गरजच उरली नाही. बोट तारेवर जोरात टेकवलं की तार फ्रेटवर आपटते आणि वाजते.

यालाच टॅपिंग म्हणतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते एडी व्हॅन हेलनच्या १९७८ सालच्या ‘इरप्शन’मध्ये ऐकलं असेल. पण तिथे तो एक चमकदार तुकडा आहे, फटाक्याची माळ म्हणा. चॅपमनला माळ नको होती, अख्खं वाद्य हवं होतं. पाच वर्षं खटपट करून १९७४ मध्ये त्याने ते विक्रीला आणलं. दहा तारांची, फळीसारखी सपाट, पोकळ पोट नसलेली लांब पट्टी. नाव काय, तर ‘स्टिक’. त्याच वर्षी तो ‘व्हॉट्स माय लाइन?’ या टीव्ही कार्यक्रमात ती घेऊन गेला. पाहुण्याचा धंदा काय ते ओळखायचं, असा तो खेळ.

मी ही काठी का घेतली ते सांगते. वीस वर्षं मी गिटार वाजवत आले. ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, अधूनमधून स्टुडिओ. गेल्या काही वर्षांत छोट्या मैफिलींचं गणित बदललं. आयोजकाला गायक, तबला आणि आणखी एकच माणूस परवडतो. तो एक माणूस कीबोर्डवाला असतो, कारण त्याचा डावा हात बेस सांभाळतो आणि उजवा सुरावट. गिटारवालीला फोन येईनासा होतो. मला तक्रार करायची नाही, हिशेब बरोबरच आहे. पण कीबोर्डकडे वळावं असं मनापासून वाटेना. बोटाखाली तार हवी होती. मींड हवी होती.

मग शोध सुरू झाला. लूपर पेडल वापरून पाहिलं. ते गायकाच्या मागे जात नाही, गायकालाच त्याच्या मागे जावं लागतं. भावगीतात कडव्याआधी गायक अर्धा श्वास जास्त थांबला की खेळ खलास. ‘वॉर गिटार’ नावाचंही टॅपिंगचं वाद्य आहे. किंग क्रिमझनमध्ये ट्रे गन ते वाजवायचा. दिसायला गिटारसारखं, त्यामुळे धीर येतो. तरीही मी स्टिक निवडली, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे.

तारेवर बोट आपटून सूर काढणं हा काही चॅपमनचा शोध नव्हे. सतारियांना तर यात नवल वाटायचं कारणच नाही. जमजमा घेताना डाव्या हाताचं बोट, नखीचा नवा आघात न करता, तारेवर आदळूनच सूर काढतं. तुर्कस्तानात बाग्लामावर ‘शेल्पे’ नावाची नखीविना वाजवण्याची पद्धत आहे, तिच्यातही दोन्ही हातांची बोटं पट्टीवर चालतात. १९३२ च्या एका छोट्या फिल्ममध्ये रॉय स्मेक युकुलेलीवर हेच करताना दिसतो. इटलीत व्हित्तोरियो कामारदेसे हा पेशाने डॉक्टर असलेला माणूस १९६५ मध्ये टीव्हीवर साध्या गिटारवर दोन्ही हातांनी टॅप करत होता. तो कृष्णधवल व्हिडिओ यूट्यूबवर आहे, जरूर बघा.

मग याचं वाद्य व्हायला इतका वेळ का लागला? कारण आवाज. बोटाच्या टेकण्यात छेडण्याची ताकद नसते. लाकडाच्या पोटातून तो आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकालाही धड पोहोचत नाही. अमेरिकेत हॅरी डीआर्मंड गिटारचे पिकअप बनवायचा. आपले पिकअप किती हळवे आहेत हे गिऱ्हाइकाला दाखवायला तो तारांवर नुसती बोटं टेकवून वाजवून दाखवी. त्याच्याकडून ही युक्ती उचलली ग्रेच कंपनीच्या जिमी वेब्स्टरने, आणि १९५२ मध्ये त्याने तिच्यावर शिकवणीचं पुस्तकच काढलं. म्हणजे विक्रेत्याच्या हातचलाखीतून एक वादनपद्धत उभी राहिली. वीज आली म्हणून बोटाचा स्पर्श ऐकू आला.

पण वेब्स्टरचा उजवा हात गिटारवादकाचाच राहिला. तो वरून, तारांच्या दिशेने तिरपा पट्टीवर येतो. अशा हाताला एखाददुसरी तार नीट जमते, पण चार बोटं चार फ्रेटवर पसरता येत नाहीत. चॅपमनने मनगट फिरवलं आणि उजव्या हाताला डाव्याइतकीच मोकळीक दिली. माझ्या मते त्याचा खरा शोध हा आहे. काठी नंतरची. आपल्या पुस्तकाचं नावही त्याने ‘फ्री हँड्स’ असं ठेवलं.

आणि मला सगळ्यात भुरळ घालणारी गोष्ट आणखी मागे आहे, पंधराव्या शतकापासून युरोपात वाजत आलेल्या क्लॅव्हिकॉर्डमध्ये. दिसायला छोटी पेटी, पियानोसारख्या पट्ट्या. पण आतलं तंत्र वेगळं. पियानोची हातोडी तारेवर मारून मागे येते. क्लॅव्हिकॉर्डमध्ये पितळेचं पातं तारेला लागतं आणि पट्टी दाबून ठेवाल तोवर तिथेच टेकून राहतं. तेच आघात करतं आणि तारेची लांबी, म्हणजे सूर, तेच ठरवतं. पात्याच्या एका बाजूची तार वाजते, दुसऱ्या बाजूला कापड विणून ती मुकी केलेली असते. स्टिकच्या वरच्या टोकाशी तारांवर असाच मऊ दाब असतो, बोट उचललं की तार गप्प. म्हणजे पितळेच्या पात्याच्या जागी माझं बोट, एवढाच फरक. क्लॅव्हिकॉर्डवर पट्टी दाबून हलवली की सूर थरथरतो. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखचं हे लाडकं वाद्य होतं. त्याचा दोष एकच, आवाज इतका नाजूक की शेजारच्याने खोकू नये. थिएटरात ते चालणं शक्यच नव्हतं. डीआर्मंडच्या पिकअपसारखी सोय त्याला कुठून मिळणार?

मींड घेता येईल अशी पेटी. हे लक्षात आल्यावर माझं ठरलं. नवी स्टिक दोन हजार डॉलरच्या वर जाते, म्हणून जुनी घेतली. तरी आयात शुल्क भरताना घरातल्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही.

आता शिकण्याचं. पट्ट्याला हूक, खांद्यावर पट्टा, आणि वाद्य छातीशी उभं. पाच तारा सुरावटीच्या, त्या षड्ज-मध्यमाच्या अंतराने लावलेल्या. गिटारवालीला हे ओळखीचं, फक्त गिटारमध्ये एका ठिकाणी येणारी खोट इथे नाही. बेसच्या पाच तारा मात्र षड्ज-पंचमाने लावलेल्या, आणि सगळ्यात खर्जाची तार कडेला नसून पट्टीच्या मधोमध. तिथून दोन्ही कडांकडे सूर चढत जातात. शिवाय बेसच्या तारा माझ्या उजव्या बाजूला, त्या वाजवायच्या डाव्या हाताने. हात एकमेकांच्या दारातून आत शिरतात.

वीस वर्षांचा अनुभव इथे विचित्र वागतो. कान पुढे धावतो, कुठला सूर हवा हे त्याला क्षणात कळतं. बोटं मात्र गिटारच्या जुन्या घराकडे वळतात. उजव्या हाताला तर नवी नोकरीच लागली आहे, त्याने आजवर कधी सूर निवडलाच नव्हता. पहिले तीन महिने मी गाणं वाजवलंच नाही. डाव्या हाताने सा धरायचा, उजव्याने सारेग, रेगम असे पलटे. मग उलट. नंतर डाव्या हाताने केरवा, उजव्याने काहीच नाही. तबलजी मित्राने सांगितलेली गोष्ट उपयोगी पडली: डग्ग्याला आधी एकट्याला चालू दे. जोर लावायचा नसतो, हेही शरीराला उशिरा पटलं. आवाज बोटाच्या वेगातून येतो, दाबातून नाही.

टोनी लेव्हिन १९८१ च्या ‘डिसिप्लिन’मध्ये स्टिक वाजवतो. ती वाजली तिथे बरेच लोक तिला बेसचा भाऊ समजले. लेव्हिन थोर आहेच, पण मला ते वाद्याचं अर्धंच अंग वाटतं. मला मैफिलीत उरलेलं अर्धं लागणार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये चॅपमन गेला. तोपर्यंत त्याच्या पट्टीवर जगभर लोक आपापलं वाजवू लागले होते. भावगीत त्यात बसतं का, ते मी पडताळून बघते आहे. सध्या दोन गाणी संपूर्ण साथीला येतात, तिसऱ्यात अंतऱ्यापाशी डावा हात थबकतो.

मध्यंतरी लालबागचा एक बेंजोवाला घरी आला होता. आपल्या गणपतीत वाजतो तो बेंजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग, जपानी ताइशोगोतोचा वंशज. त्यात डावा हात बटणं दाबतो आणि उजवा नखीने छेडतो. त्याने स्टिक गळ्यात घातली आणि माझ्या गिटारवाल्या मित्रांपेक्षा लवकर, दोन मिनिटांत डाव्या हाताने स्वच्छ सूर काढले. उजवा हात मात्र हवेत नखी धरल्यासारखा हलत राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “सूर येतोय, पण स्ट्रोक कुठून द्यायचा?”

मी त्याचा उजवा हात धरून पट्टीवर ठेवला.