काळी, पांढरी आणि फरसबंदी

यंदा चैत्रात टोरोंटोहून माझ्या भाच्याने एक फोटो पाठवला. त्याच्या घरापुढे, रस्त्यापासून गॅरेजपर्यंत, विटांची फरसबंदी आहे. बर्फ वितळल्यावर तिचा मधला पट्टा वर उचलला गेला होता आणि गाडीची चाके जातात तिथे दोन चर पडले होते. खाली त्याने लिहिले होते, ‘मामा, तीनच हिवाळे टिकली.’ उत्तरादाखल मी आमच्या गल्लीचा, गेल्या अश्विनात काढलेला फोटो पाठवला. आमच्याकडे ज्यांना सगळे गट्टू म्हणतात ते सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, तसेच मध्ये फुगलेले, तसेच कडेला खचलेले. भाच्याने विचारले, ‘हा कुठला फोटो? तुमच्याकडे कधीपासून बर्फ पडायला लागला?’

त्याने थट्टा केली होती. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. नांदुरा तालुक्यातले आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यात आहे. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पाणी गोठण्याइतकी थंडी आमच्या गल्लीने कधी पाहिलेली नाही. मग बर्फाची करणी इथे कोण करते? मी स्थापत्याचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, मिळतील ती गॅझेटिअरे, अहवाल आणि जुने कोश वाचत आलेला माणूस आहे. त्या वाचनातून आणि थोड्या खोदकामातून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आधी भाच्याच्या दारातले पाहू. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे ओली जमीन गोठली की फुगणार, असे वाटते. पण तेवढ्याने फरशी वितभर वर येत नाही. साउथ कॅरोलायना विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३०च्या सुमारास याचा छडा लावला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेन्झीन भरून ती गोठवली. बेन्झीन गोठताना फुगत नाही, उलट आकसते. तरीही माती वर उचलली गेली. याचा अर्थ, उचलणारी शक्ती केवळ गोठण्यातल्या फुगवट्याची नव्हती. बारीक कणांच्या मातीत गोठणाऱ्या थराकडे खालून ओल ओढली जाते, तिथे बर्फाचे पापुद्रे धरतात, ते जाड होत जातात आणि वरचे सगळे उचलतात. वसंतात ते वितळले की खाली चिखल उरतो आणि चाकांखाली फरशी बसते.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: थंडी, बारीक माती आणि खालून येणारे पाणी. थंडी हटवता येत नाही. म्हणून थंड मुलखातले चांगले कारागीर दारापुढची माती फूटभर किंवा त्याहून खोल काढून टाकतात आणि तिथे फोडलेली खडी थराथराने ठोकून भरतात. खडीच्या पोकळीतून ओल वर चढत नाही आणि वरून आलेले पाणी निघून जाते. तिच्यावर बोटभर वाळू, वाळूवर विटा, विटा सरकू नयेत म्हणून चहूबाजूंनी पक्की कड आणि सांध्यांत पुन्हा वाळू. भाच्याने चौकशी केली तेव्हा कळले की त्याच्या विटांखाली चार बोटे खडी होती आणि तिच्याखाली जुनी चिकणमाती तशीच होती.

आता आमच्या गल्लीत येऊ. वऱ्हाडातली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून आली आहे. तिच्यातल्या ज्या खनिजगटामुळे ती चमत्कारिक वागते, त्यातल्या एका मुख्य खनिजाला फ्रान्समधल्या माँमोरियाँ या गावावरून माँटमोरिलोनाइट म्हणतात. त्याचे कण एकावर एक ठेवलेल्या पत्रावळींसारखे असतात. पाणी या पानांच्या मधे शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर सरतात. पाणी गेले की पुन्हा चिकटतात. म्हणून मृगात काळी फुगते आणि वैशाखात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे वरदान आहे. भेगांतून वरची माती खाली जाते, जमीन आपली आपणच नांगरली जाते, आणि साठलेल्या ओलीवर कपाशी उभी राहते. पण जी जमीन दरवर्षी कूस बदलते, तिच्यावर दगड सरळ कसा राहील? टोरोंटोत बर्फाचे पापुद्रे जे काम करतात, ते इथे मातीचीच पाने करतात. तिकडे हिवाळा संपला की जमीन बसते. इकडे पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कारण वेगळे असले तरी फोटो सारखाच येतो.

आपल्या पूर्वजांना ही पाने दिसत नव्हती, पण त्यांचे वागणे ठाऊक होते. मराठीत त्याचा पुरावा दोन शब्दांत आहे: काळी आणि पांढरी. पिकाची जमीन ती काळी, घरांची वस्ती ती पांढरी. ही जोडी मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशातही आहे. आपण ती जमीनमहसुलाची किंवा लोकगीतातली भाषा समजतो. मला वाटते, तो बांधकामाचा नियमही होता. पांढरीची माती म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलींची राख, खापऱ्या आणि मुरूम यांचा थर. ती काळीसारखी फुगत नाही. म्हणून एक पडके घर पुढच्या घराचा पाया होत गेले आणि गावे आपल्याच अवशेषांवर चढत गेली.

ही चढण किती असू शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात, घाटावर सिंदखेडराजाला आहे. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात मारल्या गेलेल्या लखुजीराजे जाधवांची समाधी तिथे आहे. २०२४ च्या जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ तिथे जतनाचे काम करत होते. आधी काही घडीव दगड दिसले. खणत गेल्यावर देवळाचा सभामंडप लागला आणि सुमारे २.३ मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. वर्तमानपत्रांत मूर्तीची छायाचित्रे झळकली, आणि ते योग्यच होते. माझे लक्ष मात्र त्या सव्वादोन मीटरांकडे गेले. एके काळी माणसे ज्या जमिनीवर चालत होती, ती आज पुरुषभर खाली आहे.

पांढरी सोडून बांधायची वेळ आली, की जुने गवंडी काळी काढून टाकत. घट्ट थर लागेपर्यंत खणायचे, मुरूम भरायचा, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा ठोकायचा, आणि मग त्यावर फरशी. पूर्णेच्या गाळात दगडही नाही आणि मुरूमही नाही. दोन्ही डोंगराच्या पायथ्याहून बैलगाडीने आणायचे. एवढा खर्च जमिनीखाली पुरायचा, जिथे तो कोणाला दिसणार नाही.

या रीतीला शास्त्राचा आधार मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या लक्षात आले की काळीचा वरचा साधारण मीटरभराचा थर फुगतो-आकसतो. त्याखाली माती तीच असूनही हालचाल जवळजवळ नसते. खालच्या मातीला जसे वरच्या थराने धरून ठेवलेले असते, तसेच वरून चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दिला, तर काळी शांत राहते. कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांसाठी ही पद्धत वापरली गेली. अशा थराला चालणारी आपल्याकडची सगळ्यांत ओळखीची वस्तू कोणती, तर मुरूम.

गट्टूंचा इतिहासही याच वाटेने येतो. हॉलंडमध्ये रस्त्यांना भाजलेल्या विटा वापरण्याची रीत जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त घरे उभारायलाच विटा पुरेनात, तेव्हा रॉटरडॅमसारख्या शहरांत रस्त्यासाठी विटेच्या आकाराचे सिमेंटचे ठोकळे आले. तिथून ते जर्मनीत आणि मग जगभर गेले. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने २००४ मध्ये त्यांच्या रस्त्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि २००६ मध्ये ठोकळ्यांचे भारतीय मानक आले. या पद्धतीचा मोठा गुण असा की ती दुरुस्त होते. काँक्रीटचा रस्ता तडकला की फोडावा लागतो. ठोकळे मात्र उचलायचे, खालचे नीट करायचे आणि तेच ठोकळे परत बसवायचे. आपली जुनी फरसबंदीही अशीच होती. म्हणजे गट्टू हे तिचेच दुसरे रूप होते, फक्त आपण वरचा भाग घेतला आणि खालचा सोडून दिला.

हे ‘आपण’ मी उगाच म्हणत नाही. गावात आमचा वाडा होता. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा चौकातल्या दगडी फरशा विकल्या. त्या कागदावर माझीही सही आहे. फरशा उचलल्या त्या दिवशी मी तिथेच उभा होतो. त्यांच्याखाली हातभर मुरूम होता, मधूनमधून विटांचे तुकडे आणि खापऱ्या, आणि तो इतका बसलेला की पहार मारली तर खणखणत होती. मला तेव्हा तो नुसता राडारोडा वाटला. नंतर आम्ही गावाबाहेर, पूर्वी कपाशीचे शेत होते त्या जागी प्लॉट घेतला. सगळी नवी वस्ती तिथेच आहे. शेकडो वर्षे ज्या जमिनीवर कोणी घर बांधले नाही, त्या काळीवर आम्ही एका पिढीत राहायला गेलो. तीन वर्षांपूर्वी गल्लीत गट्टू बसले, तेव्हा शेतमातीवर चुरी पसरून दोन दिवसांत काम संपले होते.

गेल्या कार्तिकात पहाटे काकड्याला निघालेली माझी आई त्या उंचवट्याला ठेचकाळून पडली. मनगट मोडले. एक्याऐंशीव्या वर्षी हाड जुळले, पण मनातली भीती गेली नाही. तिने देवळात जाणे सोडले. भाच्याचा फोटो आला तेव्हा ती ओट्यावर बसून गल्लीकडे बघत होती.

वैशाखात गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढली आणि एका वयस्क गवंड्याला बोलावले. त्यांनी आधी गट्टूंकडे पाहिलेच नाही. छताच्या पाण्याचे पाइप कुठे पडतात ते पाहिले. आमच्या घराचा पाइप नेमका फुगवट्याच्या डोक्यावर सुटत होता. ते म्हणाले, ‘काळी जित्ती असते, भाऊ. तिले पाणी पाजाल तं ते उठून बसन.’ मग गट्टू उचलून भिंतीशी रचले. काळी दीड हात खोल काढून कोणाच्या तरी शेतात टाकली. तीन ट्रॉल्या मुरूम आला. तो वितवितभर थराने भरून, पाणी मारून, ठोकला. मधून कडेला दोन बोटांचा उतार दिला. कडेला दगड उभे रोवून सिमेंटात पक्के केले. पाइपांचे पाणी पन्हळीने नालीत सोडले. मग दोन बोटे वाळू, तिच्यावर तेच जुने गट्टू, आणि शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरली. खर्चाचा मोठा वाटा मुरमाचा आणि मजुरीचा होता. नवे गट्टू एकूण अकरा लागले.

काम झाल्यावर मी त्यांना ‘आता कायमचे झाले ना?’ असे विचारले. ते म्हणाले, ‘एक पावसाळा जाऊ द्या, मंग बोला.’

पावसाळा गेला. नालीजवळ पाच-सहा गट्टू बोटभर बसले, बाकी गल्ली सरळ आहे. घटस्थापनेच्या आधी मी आणि शेजाऱ्याच्या मुलाने ते पाच-सहा उचलले, खाली वाळू टाकली, परत बसवले. अर्धा तास लागला. भाच्यानेही उन्हाळ्यात आपले अंगण उकरून खडी भरून घेतली आहे. त्याचा पहिला हिवाळा आता सुरू होईल.

कोजागिरीनंतर काकडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आई काठी घेऊन बाहेर आली. ओट्याखाली उतरून तिने काठीच्या टोकाने चार-पाच गट्टू ठोकून पाहिले, आणि मला म्हणाली, ‘चाल, उशीर होते.’