जीर्ण कोसा वस्त्र : एक उपेक्षित इतिहाससाधन

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी व आंधळगाव ही गावे कोसा विणकामासाठी प्रसिद्ध आहेत. ऐन व अर्जुन वृक्षांवर ढीवर समाजाने जोपासलेले कोष आणि कोष्टी समाजाचा हातमाग यांतून हे वस्त्र घडत आले. करवती किनार हे त्याचे वैशिष्ट्य होय. अंग व किनार यांसाठी स्वतंत्र धोटे वापरून बाण्याचे धागे परस्परांत गुंतविले जातात. त्यामुळे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते.

जुन्या रेशमी वस्त्रांच्या संग्रहात सामान्यतः अखंड नगास अग्रक्रम मिळतो. परंतु सोवळ्यात नेसले जाणारे वस्त्र वापराने विरतेच. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवण्याची महाराष्ट्रातील रीत पाहता, कोसा वस्त्राचा शोध वाकळीच्या थरांतही घ्यावयास हवा. तेथे आढळलेला किनारीचा तुकडा विणकराचे तंत्र सांगतो, तर त्यावरील रफू व टाके शिवणाऱ्या स्त्रीचे श्रम सांगतात. म्हणून तुकड्यासाठी वाकळ उसविणे म्हणजे एका पुराव्यासाठी दुसरा नष्ट करणे होय.

नोंदीतही काटेकोरपणा हवा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या वस्त्रावरील केवळ 'भंडारा' ही नोंद आज संदिग्ध ठरते. गाव, कुटुंब व विणकर यांची माहिती वस्त्रासोबतच टिपली पाहिजे. अन्यथा संग्रहात वस्त्र उरेल. ते विणणारे व शिवणारे हात मात्र इतिहासाबाहेरच राहतील.