क्षयरोग : सहवासितांचा शोध आणि आशा सेविका

क्षयरुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींची नोंद घेणे, त्यांची तपासणी करणे आणि आवश्यक तेथे उपचार सुरू करणे, यास ‘सहवासितांचा शोध’ म्हणतात. फुप्फुसाचा क्षय झालेली व्यक्ती खोकते वा शिंकते तेव्हा जंतू हवेत मिसळतात. साहजिकच एका छपराखाली राहणाऱ्यांना, त्यातही लहान मुलांना, धोका अधिक असतो.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात रुग्णाची नोंद ‘निक्षय’ प्रणालीवर होते. त्यानंतर गृहभेटीचे काम प्रामुख्याने आशा सेविका करतात. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर त्यांची योजना आली. जेथे आशा नाहीत, तेथे आरोग्यसेविका व बहुउद्देशीय कर्मचारी ही जबाबदारी सांभाळतात. घरातील प्रत्येकास खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्री येणारा घाम यांविषयी विचारले जाते. मुलाचे वजन वाढते आहे की नाही, हेही पाहिले जाते. लक्षणे आढळल्यास बेडका तपासणी व क्ष-किरण चाचणीसाठी पाठवले जाते.

खरी कसोटी लागते ती लक्षणे नसलेल्यांबाबत. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि पहिल्या दोन वर्षांत ही शक्यता सर्वाधिक असते. प्रतिबंधक उपचार पूर्वी मुख्यतः लहान मुलांपुरता मर्यादित होता. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्व वयोगटांसाठी खुला केला. यात सहा महिने रोज आयसोनियाझिड, अथवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड व रिफापेंटाइन दिले जाते. तत्पूर्वी प्रत्यक्ष क्षयरोग नसल्याची खात्री करणे अनिवार्य आहे. अन्यथा अपुऱ्या औषधामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

धडधाकट माणसाला ‘औषध घ्या’ हे पटवणे सोपे नसते. शिवाय या रोगाची बदनामी अजून सरलेली नाही. लग्न मोडेल, काम सुटेल, शेजारी तोंड फिरवतील, या भीतीने घरे दार लावून घेतात. आशा त्याच गावातील असते. ही तिची ताकद आहे आणि जोखीमही. तिच्या तोंडून एकदा नाव फुटले, तर पुढचे दार उघडत नाही. म्हणूनच गोपनीयता हा या कामाचा पाया ठरतो.

आहाराचा प्रश्नही याच उंबरठ्यावर येतो. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात, कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये मात्र रुग्णासाठी असतात.

दुसरीकडे, नियमित पगाराऐवजी कामागणिक मोबदल्यावर राबणाऱ्या आशांकडे लसीकरण, प्रसूती व सर्वेक्षणांचाही भार असतो. सहवासितांचा शोध किती नेटका होईल, हे औषधसाठ्याइतकेच तिला त्या घरासाठी मिळणाऱ्या वेळेवर अवलंबून आहे.