एक भाषा पुरते काय?

माणसाला एक भाषा पुरते काय, या प्रश्नासाठी दूरची उदाहरणे घेण्याचे कारण नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्याने हा प्रश्न दोन हजार वर्षांत अनेकदा सोडविला आहे, आणि अलीकडे तो थोडा विसरलाही आहे.

तेरचेच पाहा. तेर म्हटले की आपणांस गोरोबाकाका आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तेरच्या प्राचीन व्यापाराची वार्ता आपणांस दिली ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने. त्याच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असून तेथून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जाते, अशी नोंद आहे. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट या इंग्रज संशोधकाने १९०१ मध्ये प्रतिपादिले. धाराशिवच्या लेण्यांची कथा अपभ्रंश भाषेतील 'करकंडचरिउ' या जैन काव्यात आहे, आणि कल्याणीच्या चालुक्यांचे या बाजूचे कितीतरी शिलालेख कानडीत आहेत. मराठीपलीकडे न जाणाऱ्याला आपल्या गावाची निम्मी कहाणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

मध्ययुगातही तोच प्रकार. नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल ज्याच्या कारकिर्दीत उभा राहिला, तो दुसरा इब्राहिम आदिलशहा दखनी भाषेत पदे रची आणि त्यांत सरस्वतीला व गणपतीला वंदन करी. दरबाराची भाषा फारसी. पण गावचा कुलकर्णी हिशेब लिही तो मोडीत, मराठीत. दोहोंच्या मध्ये दुभाषी वर्ग होता. राज्य चाले ते त्याच्या जोरावर, आणि रयतेची अडवणूक होई तीही पुष्कळदा त्याच्याच हातून. हे विसरून दुभाषेपणाचे केवळ गोडवे गाणे बरे नव्हे.

निजामी अमदानीत ही अडवणूक शिगेला पोचली. १८८४ च्या सुमारास हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. संस्थानात सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पाव हिस्सा मराठी बोलणारे. उर्दू ही मातृभाषा असणारे दहांत एक किंवा त्याहून किंचित अधिक. तरी कचेरी, न्यायालय आणि बहुतेक सरकारी माध्यमिक शाळा उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून वैद्यक आणि विज्ञान शिकविता येते हे त्याने प्रत्यक्ष करून दाखविले, याचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने द्यावे. परंतु ती देशी भाषा मराठी मुलाच्या घरची नव्हती. ज्याची जमीन त्याला तिचा कागद वाचता येऊ नये, अशी ही स्थिती होती. शेतकऱ्याने अंगठा उठवावयाचा आणि कागदात काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगावयाचे.

याला आपल्या जिल्ह्यातून जे उत्तर निघाले, ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे. १९२१ मध्ये, आजच्या लोहारा तालुक्यातील त्या खेड्यात, मुलांना त्यांच्या भाषेत शिकविण्याकरिता काही मंडळींनी ती काढली. पुढे १९३० च्या आसपास तिची धुरा वाहिली स्वामी रामानंद तीर्थ यांनी. त्यांचा जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे कानडी मुलखातला. मराठी शिक्षणासाठी झिजलेल्या या पुरुषाने आपल्या लढ्याच्या आठवणी मात्र इंग्रजीत लिहिल्या, आणि हैदराबादच्या मुक्तीसाठी त्यांनी जी माणसे जोडली त्यांत तेलुगू, कानडी, मराठी आणि उर्दू बोलणारे सारेच होते. त्यांचे भांडण उर्दूशी नव्हते, सक्तीशी होते. हा भेद पुढे आपणच फारसा सांभाळला नाही.

याच मुलखातील दुसरे नाव सेतु माधवराव पगडी यांचे. ते १९१० मध्ये निलंग्यास जन्मले. निलंगा त्या वेळी बिदर जिल्ह्यात होते, १९५६ मध्ये आपल्याकडे आले आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही, जिल्हे मात्र बदलत गेले! पगडी संस्थानच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादेकडील नोकरीत गोंडी व कोलामी शिकून त्यांनी त्या भाषांची व्याकरणे लिहिली. एवढ्याने अधिकाऱ्याची बढती होत नाही, पण ज्या माणसाची तक्रार ऐकावयाची त्याची भाषा त्यांना येत होती. उर्दू काव्य त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिले. आणि खाफीखान, भीमसेन सक्सेना आणि मोगल दरबारची बातमीपत्रे त्यांनी फारसीतून मराठीत आणली, तेव्हा शिवशाहीनंतरच्या मराठ्यांच्या झुंजीची शत्रूच्या लेखणीतून उतरलेली हकीकत सामान्य वाचकाला प्रथमच इतक्या विस्ताराने कळली. मराठ्यांचा इतिहास पुरता समजण्यास मराठी पुरत नाही, हे मराठीच्याच भल्यासाठी त्यांनी दाखवून दिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. कारभार मराठीत आला, हे न्याय्यच झाले. पण त्याबरोबर एका पिढीत उर्दू वाचता येणारी मराठी घरे संपली. पूर्वीच्या वकिलाला, पटवाऱ्याला, शिक्षकाला ती येत असे. त्याच्या नातवाला आजोबांचे पत्रही वाचता येत नाही. सक्तीने शिकलेली भाषा सक्ती उठताच टाकून दिली, यात नवल नाही. नुकसान मात्र झाले.

ते किती, हे २०२३ साली दिसले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली गेली. आरक्षणाच्या वादात येथे मी शिरत नाही. पण ज्या कागदांवर घराण्यांचा हक्क अवलंबून होता, ते उर्दूत, फारसीत, मोडीत निघाले. कागद जागेवर होते; ते वाचणारे मात्र शोधून आणावे लागले. शंभर वर्षांपूर्वी पणजोबाने दुसऱ्याच्या भरवशावर अंगठा उठविला, आणि पदवीधर पणतू त्याच कागदासमोर पुन्हा दुसऱ्याच्या भरवशावर उभा राहिला.

तुळजापुरास जाऊन पाहा. कोजागिरीला कर्नाटकातून पायी येणाऱ्या भक्ताशी तेथील दुकानदार कानडीत बोलतो, तेलंगणातून आलेल्याशी तोडकेमोडके का होईना तेलुगू बोलतो. कोणत्या शाळेने त्याला हे शिकविले नाही, गिऱ्हाइकाने शिकविले. उमरग्याच्या बाजूला तर एकाच घरात मराठी आणि कानडी नांदतात, आणि त्याचे कोणाला कौतुकही वाटत नाही.

मोडीचे वर्ग हल्ली ठिकठिकाणी निघतात. उर्दू लिपीचाही असा वर्ग या गावात काढता येईल. शिकविणारे शिक्षक येथील उर्दू शाळांतच आहेत, ते बाहेरून आणावे लागणार नाहीत. वाचावयास कागद तर कचेरीत गठ्ठ्यांनी पडून आहेत.